साततालचा ओढा आणि पिंगळ्याचा खोटा आवाज

रात्रीची रानीखेत एक्सप्रेस दिल्लीहून पहाटे काठगोदामला पोचवते. तिथून भीमतालमार्गे सातताल, नैनीतालजवळचं पक्षी पाहण्याचं ठिकाण. नैनीतालची गर्दी मी सरळ टाळते. सातताल आहे साधारण 1,370 मीटरवर. थंडीत वरच्या जंगलातले कितीतरी पक्षी इथे उतरतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अंधारात उठून धावू नका. दरीत ऊन उशिरा येतं, आणि किडे हलू लागल्यावरच पक्षी हलतात. तोवर ठेल्यावरचा चहा निवांत घ्या.

ऊन आलं की 'स्टुडिओ' नावाच्या ओढ्याकाठच्या जागी बसा. तिथे सावली दाट असते. दुर्बीण 8×42 (8 पट, 42 मिमीची भिंगं) घ्या. 8×25 मधून फोर्कटेल या ओढ्याकाठच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचा ओल्या दगडांवर पत्ता लागत नाही, आणि 10 पटीची हातात थरथरते. कॅमेऱ्याचं शटर 1/250 सेकंदापेक्षा मंद ठेवलंत तर प्लंबियस रेडस्टार्ट या छोट्या पक्ष्याची तांबूस शेपटी फोटोत धूसर येते, कारण तो ती सारखी पसरतो आणि मिटतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 वर न्यायला घाबरू नका. उबदार खोलीतून थंडीत काढलेली दुर्बीण फारशी बिघडत नाही, पण थंडीतून खोलीत आणलीत की काचांवर दव धरतं. पिशवीतच राहू द्या, तासाभराने उघडा.

मला चीड येते ती मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावणाऱ्यांची. कॉलर्ड आउलेट हा जेमतेम 15-16 सेंटिमीटरचा पिंगळा दिवसाढवळ्या लहान पक्षी मारतो. त्याची शीळ ऐकली की वटवटे, माशीमार, ब्लॅक-थ्रोटेड टिट सगळे खाणं सोडून त्याला हुसकवायला झुडपाबाहेर येतात. कलकलाट, शेपट्या फडकवणं, फांदीवरून फांदीवर उड्या. लोकांना दोन मिनिटांत दहा जातींचे फोटो मिळतात. दहा ग्रॅमही न भरणाऱ्या टिटला मात्र थंडीची लांब रात्र काढायला दिवसभर चरावं लागतं. तिचा तेवढा वेळ आणि ताकद जाते खोट्या शत्रूवर. पुढच्या गाडीतले लोक पुन्हा तेच लावतात. शिवाय जागेवर बसणाऱ्याला अनेक जातींचा मिश्र थवा आपणहून दिसतोच. आधी बारीक किणकिण ऐकू येते, मग पाचेक मिनिटांत अख्खी टोळी डोक्यावरून पुढे सरकते. त्या वेळी दुर्बीण डोळ्यांना लावून शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल पकडा, मग नजर न हलवता दुर्बीण वर आणा.

भीमतालजवळच्या चाफी गावच्या पुलाजवळ तुरेवाला मोठा खंड्या आणि मत्स्य घुबड दिसण्याची चांगली शक्यता. घुबड दिवसा झाडात झोपलेलं असतं, तेव्हा खालून टाळ्या वाजवू नका.

गाइड ठरवतानाच, पैसे बोलण्याआधी, सांगा: आवाज लावायचा नाही. ही मुलं इथलीच आहेत, कोणत्या दगडावर कोण बसतं हे त्यांना पाठ असतं. गिऱ्हाइकाने घाई केली नाही तर त्यांनाही मोबाइल काढावा लागत नाही.