सँडहर्स्ट रोड: गाडी चढली!

मी मुंबईच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनाचं चालतं मॉडेल बनवतोय. काल रात्री त्यावर चार डब्यांची गाडी एकदाही चाक न घसरता वरच्या फलाटाला लागली. लागोपाठ अकरा फेऱ्या मारल्या, नुसतं बघत बसावंसं वाटत होतं.

गेल्या वेळी मेन लाइन आणि तिच्या डोक्यावरची हार्बर यांत ९ सेंमी अंतर धरलं होतं. शेजारच्या मशीद स्टेशनाकडून येणारा खरा रॅम्प १:३४ चा (३४ सेंमीला १ सेंमी चढ), म्हणजे बोरघाटाच्या १:३७ पेक्षाही खडा! तोच एचओत (१:८७ च्या मॉडेलमध्ये) घ्यायचा तर ३०६ सेंमी लांबी लागते आणि माझा प्लाय आठ फुटी. म्हणून चढ १:२७ केला, तिथेच गाडं अडलं. मोटर डबा जागच्या जागी चाकं फिरवायचा. त्यात वजनासाठी गळाची शिशं भरली, तर पायथ्याशी रूळ जिथे एकदम वर वळतो तिथे कपलिंग सुटायला लागलं. खाली थर्माकोल होता, तो वजनाने दबला. रॅम्पला थर्माकोल वापरूच नका; ६ मिमी प्लाय घ्या आणि पाणसळ लावत पुढे सरका.

शेवटी मेन लाइनखालची पट्टी कापून ३ सेंमी खाली बसवली. आता चढायचे फक्त ६ सेंमी. २०४ सेंमीत अस्सल १:३४, उरलेल्या ४० सेंमीत दोन्ही टोकांचा कल हळूहळू बदलता आला. मशीद स्टेशन मात्र बोर्डावरून गेलं, कारण तिथे दोन्ही रूळ एका पातळीत हवेत. जीव तुटला, पण सँडहर्स्ट रोडचा जीव त्या चढातच आहे. १९१० पासून कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच येणारी हार्बर याच वाटेने व्हीटीला पोचली, ३ फेब्रुवारी १९२५ ला, आणि तीच देशातली पहिली विजेची गाडी, १५०० व्होल्ट डीसीवर.

हे लिहिताना सुचलं: काळ तोच का धरू नये? मेन लाइनवर वीज नंतर आली. म्हणजे वरून विजेची गाडी आणि खालून धूर सोडत जाणारं जीआयपीचं (तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) इंजिन, एकाच वेळी! मग नव्या रेकचं रंगकाम थांबवतो, आधी इंजिन शोधतो. दोन रुळांतलं १६.५ मिमी अंतर तसंच राहील, ब्रॉडगेजला १९.३ हवं, पण आता पुन्हा सगळं उखडणार नाही.

पुलाच्या खांबांवरचे रिव्हेट कोणी कशाने केलेत? सुईने पत्र्यावर टोचून पाहिले, ओळ सरळ येत नाहीये.