उसाची ट्रॉली कॅमेऱ्याला दिसेना तेव्हा

गाड्यांमधली अडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा प्रत्यक्ष रस्त्यावर तपासणं हे माझं काम. समोरच्या वाहनावर धडकणार असं कॅमेरा आणि रडारला वाटलं, तर गाडीने आपणहून ब्रेक लावायला हवा. गाळप हंगामात आम्ही पुणे-सोलापूर महामार्गावर रात्रीच्या चाचण्या घेत होतो. भिगवण मागे पडलं होतं. मी मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसले होते. समोरचं प्रत्येक वाहन स्क्रीनवर चौकटीत येत होतं. ट्रक, कार, मोटारसायकल.

मग एक चौकट लुकलुकायला लागली. 'ट्रक'. गायब. पुन्हा 'ट्रक'. पुन्हा गायब.

"मॅडम, उसाची डबल ट्रॉली आहे," आमचे चालक म्हणाले, तोवर त्यांनी वेग उतरवलाही होता. "तुमच्या कॉम्प्युटरला दिसली का?"

धड दिसली नव्हती. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकला गेला होता. ट्रकची सपाट पाठ आणि दोन लाल दिवे कॅमेऱ्याच्या चांगल्या ओळखीचे. इथे फक्त उसाची वेडीवाकडी टोकं होती, तीही ट्रॉलीच्या बरीच बाहेर आलेली.

रडारला ट्रॉलीच्या लोखंडाचा प्रतिसाद मिळत होता. पण आमची यंत्रणा एकट्या रडारच्या भरवशावर जोरात ब्रेक लावत नाही. कमानी, फलक, दुभाजकाचा कठडा यांच्यावरूनही लहरी परत येतात. दर वेळी गाडी कचकन थांबली, तर मागचा ट्रक येऊन आदळेल. म्हणून कॅमेऱ्याची साक्ष लागते, तीही सलग काही फ्रेम. त्या रात्री ती साक्ष तुटक होती.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि फीनिक्समध्ये वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय प्रवासी नेतात. ते खरंच मोठं काम आहे, मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्या गाड्यांवर कॅमेरा-रडारच्या जोडीला लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर असतो, आणि त्या धावतात आखून दिलेल्या, बारकाईने नकाशा केलेल्या हद्दीत. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या मानतात. वेमो चौथीवर आहे, आपल्याकडच्या अडास गाड्या फार तर दुसरीवर. दुसऱ्या पातळीत नजर आणि जबाबदारी दोन्ही चालकाचीच. 'गाडी स्वतः चालते' असं सांगून कुणी ती विकत असेल, तर मला त्याचा राग येतो. उसाच्या पट्ट्यात रात्री त्या वाक्यावर विसंबणारा माणूस जिवाला मुकेल.

दुसऱ्या दिवशी खरी चर्चा झाली ती चौकट काढण्यावरून. यंत्रणेला शिकवण्यासाठी चित्रातल्या प्रत्येक वाहनाभोवती माणसाने चौकट आखावी लागते. आमच्या नियमावलीत ट्रेलरची चौकट त्याच्या सांगाड्यापुरती होती. मी आदल्या रात्रीची ती क्लिप थांबवून दाखवली: आपली काच आधी कशावर आपटेल? उसाच्या टोकांवर. सांगाडा त्याच्या कितीतरी पुढे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेच्या 2018 च्या भारतीय रस्त्यांच्या डेटासेटमध्ये, म्हणजे अशा चौकटी-खुणा केलेल्या चित्रांच्या संग्रहात, रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे; तसाच उसाच्या ट्रॉलीला हवा, हा माझा आग्रह होता. "हंगामापुरतं तर असतं," असं एक सहकारी म्हणाला. हंगाम चार-पाच महिने चालतो, आणि वाहतूक रात्रभर.

शेवटी वेगळा वर्ग मान्य झाला आणि चौकट टोकांपर्यंत ताणायची ठरली. इंदापूर, बारामती, माळशिरस भागातल्या आणखी रात्री मी त्याच बैठकीत मागून घेतल्या. बैलगाड्यांचं चित्रीकरणही त्यातच करायचं आहे.