वेटिंग कितीवर इला?

गणपती तोंडावर आले की आमच्या घरात एकच प्रश्न, "वेटिंग कितीवर इला गो?" सगळ्यांची रेल्वेची तिकिटं मीच काढते, म्हणून फोन माझ्याकडेच येतात. आणि दर वेळी मी तेच सांगते, आकडा मागाहून बघा, आधी त्याच्या पुढची अक्षरं वाचा.

आत्याला कुडाळहून मुंबईला यायचं होतं. तिच्या तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल ९, म्हणजे मधल्या स्टेशनांसाठी राखलेल्या थोड्या जागांच्या वेटिंगमध्ये नववा नंबर. एक आकडीच आहे, होईल, असं सगळेच म्हणत होते. मडगावहून बसणाऱ्या आमच्या ओळखीच्यांचं जीएनडब्ल्यूएल ४०, म्हणजे सर्वसाधारण वेटिंगमध्ये चाळिसावं होतं, ते कन्फर्म झालं. आत्याचं सातवर अडकलं ते अडकलंच. सत्तरीची बाई रात्रभर एसटीत बसून आली, याचं मला फार वाईट वाटलं.

जीएनडब्ल्यूएल ही सर्वसाधारण यादी, बहुतेक करून गाडी सुटते तिथून लांब जाणाऱ्यांची. तिचा कोटा मोठा, त्यामुळे तिकिटं रद्दही त्यातलीच जास्त होतात आणि यादी भराभर सरकते. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या बऱ्याच स्टेशनांत मिळून वाटलेला छोटा कोटा. आरएलडब्ल्यूएल मधल्या मोठ्या स्टेशनांचा. या दोन्हींत त्याच कोट्यातलं कुणी रद्द करेल तेव्हाच आपला नंबर हलणार. तत्काळची टीक्यूडब्ल्यूएल आणखी वेगळी. चार्ट, म्हणजे कुणाला कुठली जागा याची शेवटची यादी, लागताना सर्वसाधारण यादीला तिच्याआधी जागा मिळते. ४०/१८ असं दिसलं तर ४० काढतानाचा नंबर, १८ आजचा.

आरएसी, म्हणजे अर्ध्या बर्थचं तिकीट, आलं की मात्र जीव भांड्यात पडतो. साइड लोअरवर दोघांनी बसून का होईना, गाडीत हक्काने चढता येतं, आणि कुणी आलं नाही तर टीसी पूर्ण बर्थ देतो.

नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्यांना सकाळी आठनंतर काही मिनिटांतच 'रिग्रेट' दिसतं, म्हणजे वेटिंगसुद्धा बंद. त्यामुळे पुष्कळजण ते बंद व्हायच्या आत खिडकीवरून मिळेल ते वेटिंग घेऊन ठेवतात. त्यांना कळकळीने सांगते, चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकीट वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात येतात, खिडकीचं तसं होत नाही. ते गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत आपणच रद्द करायचं असतं, आणि ते घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. घरात कुणा म्हाताऱ्या माणसाकडे असं तिकीट असेल तर आजच विचारून घ्या.