चारशे गाड्या थांबल्या तो गुरुवार

बेस्टमध्ये स्टार्टर म्हणजे बसचौकीवर बसून गाड्या सोडणारा माणूस. गाडी आली, नोंद केली, वेळ झाली की सोडली. एवढंच काम. रांगेतल्या लोकांच्या मते मात्र मुंबईत उशिरा येणारी प्रत्येक बस मीच कुठेतरी दाबून ठेवलेली असते. वाहक म्हणून खांद्याला पिशवी लावून लागलो, बढतीने चौकीच्या खिडकीत आलो, त्यामुळे शिव्या दोन्ही बाजूंनी खाऊन झाल्या आहेत. त्या गुरुवारी पडल्या तेवढ्या मात्र एका दिवसात कधी पडल्या नव्हत्या.

आदल्या दिवशी, २२ फेब्रुवारी २०२३ला संध्याकाळी, अंधेरीच्या आगरकर चौकात एका सीएनजी बसने पेट घेतला. प्रवासी वेळेत उतरले, म्हणून निभावलं. पण महिन्याभरातली ही तिसरी आग होती, आणि तिन्ही गाड्या एकाच ठेकेदाराच्या, एकाच बनावटीच्या. निर्णय झाला की त्या जातीच्या चारशेच्या चारशे गाड्या रस्त्यावरून काढायच्या. माझी चौकी पश्चिम उपनगरातली. तिथल्या दोन मार्गांवर बहुतेक याच गाड्या. सकाळी चौकीचं कुलूप काढलं तोच आगारातून फोन: "आज त्या गाड्या नाहीत. जे येईल ते सोडा."

आता जे येईल ते म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही.

बाहेरच्या माणसाला यातली गुंतागुंत चटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडं सांगतो. वेट लीज, म्हणजे भाडेतत्त्वावरची गाडी: गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, इंधन आणि दुरुस्ती ठेकेदाराची. मार्ग आमचा, वेळापत्रक आमचं, तिकिटाचा गल्ला आमचा, आणि माझ्या चौकीवर तरी वाहक आमचा. जेवढे किलोमीटर गाडी धावेल तेवढ्याचे ठरलेल्या दराने ठेकेदाराला पैसे. फेरी चुकली, गाडी बंद पडली, तर दंड. लोकांना यातलं काही दिसत नाही. लाल रंग दिसतो आणि खिडकीत मी दिसतो.

साडेसातपर्यंत रांग चौकी ओलांडून वडापाववाल्याच्या गाडीपर्यंत गेली होती. बारावीची परीक्षा मंगळवारीच सुरू झालेली. पॅड छातीशी धरून उभी असलेली एक मुलगी आणि तिचे वडील दर पाच मिनिटांनी खिडकीशी येत होते. मी त्यांना सांगितलं, "बसची वाट बघू नका, शेअर रिक्षा पकडा." बेस्टच्या माणसाने असं सांगायचं नसतं. पण वेळापत्रकाचा मान राखायचा की पोरीचा पेपर, यात विचार करण्यासारखं काय आहे? वडिलांनी मात्र जाता जाता ऐकवलंच, "गाड्या चालवता येत नसतील तर बंद करा की दुकान."

मग रांगेतच वाद पेटला. एक बँकेतले गृहस्थ, नेहमीचे. त्यांचं म्हणणं, खासगी माणसाला गाड्या दिल्या की हेच होणार, तो पैसे वाचवणार आणि आपण जळणार. त्यांच्या मागे भाजीची पाटी घेतलेल्या मावशी. त्या म्हणाल्या, "पण सहा रुपयांत एशी कुणी दिला? पूर्वी पावसात छत्री उघडून बसत होतो तुमच्या सरकारी गाडीत." लोक हसले. मावशींचं खरं होतं. जुलै २०१९मध्ये भाडं उतरलं, साधी गाडी पाच रुपये, वातानुकूलित सहा, आणि त्यानंतर बसला जी गर्दी वाढली ती मी खिडकीतून पाहिली आहे. रिक्षाने जाणारी माणसं परत रांगेत आली. त्या छोट्या गाड्या भाड्याने घेतल्या नसत्या तर त्या गर्दीला आम्ही काय दाखवलं असतं? आमच्या स्वतःच्या गाड्या पंधरा वर्षं भरली की भंगारात जात होत्या आणि त्यांच्या जागी नव्या येत नव्हत्या. त्याच २०१९मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात बेस्टचा स्वमालकीचा ताफा ३,३३७ गाड्यांचा राखायचं ठरलं होतं. २०२४ संपेपर्यंत तो हजाराच्या आसपास उतरला. आकडा कागदावर राहिला, गाड्या कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे गेल्या.

तिसरे एक निवृत्त प्राध्यापक, मुलगा लंडनला. ते शांतपणे म्हणाले, "लंडनच्या लाल बसही खासगी कंपन्याच चालवतात हो. १९८५पासून निविदा काढून मार्ग दिले जातात." बँकवाल्यांना ते पटेना. मलाही त्या क्षणी वाटलं, आता इथे लंडन कशाला. पण दुपारी डबा खाताना त्याच वाक्यावर घोटाळत राहिलो. चालवणारा खासगी आहे एवढ्याने गाडी जळत नाही. सरकारी असल्याने ती धडही राहत नाही. गाडी फाटकाबाहेर काढायची की नाही, हे शेवटी ठरवतो कोण, हा खरा प्रश्न आहे. आमच्या जुन्या पद्धतीत आगारातला फोरमन गाडी होल्डवर टाकायचा, म्हणजे अडवून ठेवायचा. ब्रेक मऊ लागतोय असं चालकाने लिहिलं की ती गाडी तपासणीच्या खड्ड्यावर चढायची, वाहतूकवाले कितीही ओरडोत. फोरमनच्या पगारातून किलोमीटर कापले जात नव्हते. आता गाडी थांबवली की पैसे बुडतात, आणि गाडी थांबवायची की नाही हे ठरवणाराही तोच, ज्याचे पैसे बुडतात. असा करार लिहिणाऱ्याने आगारात एक सकाळ घालवली असती तर बरं झालं असतं.

दहाच्या सुमाराला दोघे चौकीच्या बाकावर येऊन बसले. एक आमचा वाहक, एक ठेकेदाराचा चालक. एकाच गाडीवरची जोडी. गाडी नाही म्हणून दोघेही रिकामे. वाहकाची हजेरी लागली होती. तो पेपर काढून शब्दकोडं सोडवत बसला. चालक साताऱ्याकडचा, पंचविशीतला. त्याला सुपरवायझरने फोनवर सांगितलं होतं, गाडी निघाली तर ड्युटी, नाही निघाली तर घरी जा. हजेरी गाडीला बांधलेली.

"काका, आज काहीच नाही का निघणार?" त्याने विचारलं.

"तुझी गाडी तर नाहीच निघणार. कधी निघेल तेही मला कुणी सांगितलेलं नाही."

"पण माझी गाडी चांगली होती. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं मी, डिझेलसारखा वास येतो म्हणून."

"तुझी गाडी सीएनजीची."

"म्हणूनच सांगितलं ना."

वाहकाने शब्दकोड्यातून मान वर केली. मी विचारलं, कुणाला सांगितलं? म्हणाला, सुपरवायझरला. लिहून दिलं का? नाही, व्हॉट्सॲपवर. काय झालं पुढे? बघून घेतलं म्हणाले. काय बघितलं ते त्याला माहीत नव्हतं. आणि मला, ज्याने ती गाडी आठवडाभर वेळेवर सोडली, वासाबद्दल तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. त्या वासाचा आणि आगींचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पण माझ्या खिडकीपासून चार हातांवर उभ्या राहणाऱ्या गाडीची तक्रार ज्या वाटेने गेली, त्या वाटेवर बेस्टचा एकही माणूस नव्हता.

त्याला मी चहा पाजला. पगार विचारला तेव्हा त्याने सांगितलेला आकडा आमच्या वाहकाच्या निम्म्याहूनही कमी होता. वाहकाने पेपर घडी करून बाजूला ठेवला, काही बोलला नाही. पोरगा बारापर्यंत बसला आणि गेला.

दुपारी आगाराने आमच्या स्वतःच्या दोन जुन्या डिझेल गाड्या पाठवल्या. दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावरून ओढून आणलेल्या, म्हणजे तिकडची रांग तेवढी लांबली असणार. गिअर टाकताना अख्खी गाडी खोकायची. पायरी एवढी उंच की भाजीवाल्या मावशींना दोघांनी हात देऊन वर घेतलं. तरी रांगेत एकजण म्हणालाच, "हीच बरी, निदान पेटत तरी नाही." जुन्या गाड्यांबद्दल लोकांना असं भरून येतं तेव्हा मला गंमत वाटते. याच गाड्या जुलैमध्ये पाण्यात बंद पडायच्या तेव्हा हेच लोक ढकलायला उतरायचे आणि मला ऐकवायचे.

चारच्या सुमाराला ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन आला. माणूस वाईट नाही, आवाजात रात्रीचं जागरण होतं.

"साहेब, रद्द फेऱ्या आमच्या नावावर लावू नका. गाड्या आम्ही नाही थांबवल्या, तुम्ही थांबवल्या."

"आणि पेटल्या कुणाच्या?"

"ते तपासात कळेल ना. दंड आत्ता कशाला?"

मी म्हटलं, दंड लावणारा मी नाही, मी फक्त लिहितो. फेरी रद्द, कारण: गाडी उपलब्ध नाही. तो म्हणाला, नाही, कारण लिहा: प्रशासनाच्या आदेशाने. पाच-सात मिनिटं आम्ही त्या एका रकान्यावरून घासाघीस करत होतो. बाहेर दीडशे माणसं उभी, आणि आत दोन मध्यमवयीन पुरुष एका कारणाचं नाव ठरवतायत. शेवटी मी दोन्ही लिहिलं. पुढे हिशोबात काय धरलं, देव जाणे.

एक गोष्ट त्याने सांगितली ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी. म्हणाला, "साहेब, दर परवडत नाही. जास्त ओढलं तर मालक गाड्या काढून घेईल." ही पोकळ धमकी नव्हती. २०२२च्या ऑक्टोबरात एका ठेकेदाराने परवडत नाही म्हणून अडीचशेहून अधिक गाड्या काढून घेतल्याच होत्या. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला ठेका द्यायचा, मग तो दमला की त्याच्याकडे कडक नजरेने बघायचीही सोय राहत नाही. दंड वाढवा, तो जातो. दंड सोडा, गाडी खंगते. स्वतःच्या हजारभर गाड्या राखीव असत्या तर त्याला म्हणता आलं असतं, जा बाबा. त्या दिवशी राखीव म्हणून माझ्याकडे खोकणाऱ्या दोन आल्या.

त्या चारशे गाड्या पुढे तपासणी होऊन टप्प्याटप्प्याने परत आल्या. आतून पुसलेल्या, अग्निशामक नळकांडी नवी. तपासणीत काय निघालं, काय बदललं, याचा एकही कागद चौकीवर आला नाही. चालकांनाही दिला नव्हता. साताऱ्याचा पोरगा परत आला, ऑगस्टमध्ये भाडेतत्त्वावरच्या चालकांनी संप केला तेव्हा त्यात होता, आणि वर्षाअखेरीला ॲपवाल्या कंपनीची टॅक्सी चालवायला गेला. त्याच्या जागी आलेला आणखी कोवळा. ९ डिसेंबर २०२४ला कुर्ल्यात भाड्याच्या इलेक्ट्रिक बसने माणसं चिरडली, आणि चालकाला त्या लांब गाडीचा सराव किती दिला होता यावर सगळीकडे चर्चा झाली, तेव्हा मला हे एकामागून एक बदलणारे चेहरे आठवले. दर सहा-आठ महिन्यांनी नवा पोरगा, आणि माझ्याकडे त्याच्याबद्दल नाव आणि गाडी क्रमांक, बस्स.

त्या शुक्रवारपासून मी चौकीत एक दोनशे पानी वही ठेवली. ठेकेदाराचा चालक आला की विचारायचं: ब्रेक, वास, दरवाजा, एसी. काही असेल तर त्यानेच लिहायचं आणि सही करायची. असा नियम कुठेच नाही, त्यामुळे सुरुवातीला पोरं बिचकायची, सुपरवायझर चिडेल म्हणायची. एकाने लिहिलं, मग बाकीचे लिहू लागले. सुपरवायझरने फोन करून विचारलं, ही वही कुणाच्या आदेशाने? मी म्हटलं, कुणाच्याच नाही, चालक स्वतःहून लिहितात, तुम्हीही येऊन वाचा. आला एकदा. अर्धा तास बसून वाचली, मोबाइलवर पानांचे फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी दरवाज्याची तक्रार असलेली गाडी सकाळच्या फेरीला आली नाही. ती फेरी मी रद्द लिहिली. कारणाच्या रकान्यात: दुरुस्ती. रांगेने मला नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या.