६०० मीटरचे ७५० का होतात: लॉरेंट्झ रूपांतरणाचा माझा अनुभव

टी.वाय.ला विशिष्ट सापेक्षतेवर एक गणित हमखास यायचं: एका फ्रेममधलं (म्हणजे एका निरीक्षकाने त्याच्या जागेवरून मोजलेलं) अंतर आणि वेळ दिलेली, दुसऱ्या फ्रेममधली काढा. मायकेल्सन-मोर्लेचा प्रकाशाच्या वेगावरचा प्रयोग, १९०५चा आइन्स्टाइन, प्रकाशाचा वेग (सी) सगळ्यांना सारखाच, इथपर्यंत काही त्रास झाला नाही. गॅमाचाही, म्हणजे वेगावरून ठरणाऱ्या गुणकाचाही, नाही. वेग ०.६ सी असेल तर गॅमा १.२५ आणि ०.८ सी असेल तर ५/३. पेपर काढणाऱ्यांचे हे लाडके वेग, पाठच करून टाका.

घोडं अडलं ते पुढे. आमच्या नोट्समध्ये 'लांबी आखडते' आणि 'वेळ लांबतो' ही सुटसुटीत सूत्रं आधी दिली होती आणि एका फ्रेममधलं अंतर-वेळ दुसऱ्या फ्रेममध्ये बदलणारी लॉरेंट्झची पूर्ण समीकरणं मागाहून, परिशिष्टासारखी. हा क्रम कोणी ठरवला त्याच्यावर माझा अजून राग आहे.

गणित असं होतं. फलाट ६०० मीटरचा. फलाटावरच्या घड्याळांप्रमाणे दोन्ही टोकांचे दिवे एकाच क्षणी लागतात. गाडी ०.६ सी वेगाने फलाटाजवळून जाते. गाडीच्या फ्रेममध्ये दिवे लागण्याच्या दोन घटनांमधलं अंतर किती? आखडण्याचं सूत्र म्हणतं, ६०० भागिले १.२५, म्हणजे ४८०. लॉरेंट्झ म्हणतो, ६०० गुणिले १.२५, म्हणजे ७५०. फलाट तोच, वेग तोच, आणि एक उत्तर कमी तर दुसरं जास्त! विचारायला गेलो तर "सूत्रात किमती घाल, मार्क मिळतील" एवढंच ऐकायला मिळालं. कुठल्या सूत्रात, तेच तर विचारत होतो.

गाठ सुटली ती वेळेच्या समीकरणात. तिथे वेळेतून एक पद वजा होतं: वेग गुणिले अंतर भागिले सी वर्ग. मग सगळं गॅमाने गुणायचं. फलाटावर दोन्ही दिव्यांची वेळ शून्य असली, तरी लांबच्या दिव्यासाठी हे पद शून्य नाही. ६०० मीटर म्हणजे प्रकाशाचे २ मायक्रोसेकंद. २ गुणिले ०.६ गुणिले १.२५ म्हणजे १.५. गाडीच्या हिशेबाने हा पुढच्या टोकाचा दिवा १.५ मायक्रोसेकंद आधीच लागला! (हा डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचायला लागणारा उशीर नव्हे. तो वजा करूनही हा फरक उरतोच.) आता गाडीतून पाहिलं तर फलाट मिनिटागणिक नाही, मायक्रोसेकंदागणिक १८० मीटर मागे सरकतोय. दीड मायक्रोसेकंदात २७०. ७५० वजा २७०, उरले ४८०. ७५० हे दोन घटनांमधलं अंतर आणि ४८० ही फलाटाची लांबी, म्हणजे दोन्ही टोकं गाडीच्या एकाच क्षणी मोजलेली. त्या रात्री मी वहीत ४८० भोवती चांगला जाड चौकोन काढला.

तेव्हा प्रश्नात लांबी विचारली आहे की घटनांमधलं अंतर, हे आधी पाहा. आखडण्याचं सुटसुटीत सूत्र फक्त लांबीसाठी चालतं. वेळेच्या सूत्राचंही तसंच: दोन्ही घटना एका फ्रेममध्ये एकाच जागी घडत असतील तरच ते वापरायचं. म्युऑन या अल्पायुषी कणाला ते लागू पडतं, कारण त्याचा जन्म आणि ऱ्हास दोन्ही त्याच्या स्वतःच्या फ्रेममध्ये जागच्या जागी होतात. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, तरी वातावरणात कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन जमिनीपर्यंत येतात, कारण आपल्या फ्रेममध्ये त्यांचं आयुष्य लांबतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: मीटर-सेकंदांत गणित करू नका. ३०० मीटर म्हणजे १ मायक्रोसेकंद धरा, दहाच्या घातांची कटकट मिटते.

उत्तर तपासायलाही सोपी युक्ती आहे. अंतराच्या वर्गातून प्रकाशाने तेवढ्या वेळात कापलेल्या अंतराचा वर्ग वजा करा, दोन्ही फ्रेममध्ये तोच आकडा आला पाहिजे. फलाटावर ६०० चा वर्ग वजा शून्य, ३,६०,०००. गाडीत ७५० चा वर्ग वजा ४५० चा वर्ग, तेही ३,६०,०००. आणि उलट दिशेने रूपांतर करताना फक्त वेगाचं चिन्ह बदलायचं, गॅमाला हात लावायचा नाही.