तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती असल्याचं आत्ताच उघडपणे का बोलू लागलात?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी विचारला जातो. इमारतीतले लोक विचारतात, "इतकी वर्षं कधी धर्माचं नाव काढलं नाहीत, मग आता हे कशासाठी?" मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसे विचारतात, "ताई, एवढं धाडस कुठून आलं?" आणि पुढच्याच वाक्यात आवाज खाली आणून सांगतात की दिवस बरे नाहीत, उगाच नजरेत येऊ नका. दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरे दिली. आज एकदाच सविस्तर लिहिते.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. आडनाव मराठी, नाव मराठी, स्वयंपाक मराठी. त्यामुळे पुण्यात भाड्याचे घर शोधताना आणि पुढे नोकरीत कोणी काही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. मंडळीतल्या कोणाचा फोन आला की "जय ख्रिस्त" म्हणताना मी गॅलरीत जात असे. नाताळात गाणारी मुले घरी येत तेव्हा ढोलकी खाली गाडीतच ठेवा, असे मी त्यांना सांगत असे. या वागण्याला आज कोणी भित्रेपणा म्हटले की मला राग येतो. 1999 साली ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळले, तेव्हा माझी मुले शाळेत जात होती. त्या काळातल्या माझ्याशी मी आज वाद घालते खरी, पण ती बाई प्रत्येक वेळी मुलांकडे बोट दाखवते आणि मला उत्तर सुचत नाही.

बदल घडला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. त्या दत्तभक्त, गुरुवार कधी चुकवला नाही. कर्करोगाचे निदान झाल्यावर मी दुपारी त्यांच्यापाशी जाऊन बसत असे. एकदा त्या म्हणाल्या, "रविवारी तू कुठे जातेस ते मला ठाऊक आहे. तुझ्या देवाकडे माझ्यासाठी काही मागशील का?" मी म्हटले, मागेन. त्यावर त्या म्हणाल्या, "घरी जाऊन नको. इथेच माग, मला ऐकू दे." इतक्या वर्षांत घराबाहेर, दुसऱ्या कोणाच्या देखत, मी प्रार्थनेचा शब्द उच्चारला नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि जे आले ते बोलले. पुढे त्यांनी आणखी काही वाचायला सांगितले, म्हणून बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हटले, जे मला लहानपणापासून पाठ आहे. त्यानंतर त्या स्वतःच बोलावू लागल्या. समोर दत्ताची तसबीर असे, उदबत्ती लावलेली असे, आणि मी येशूच्या नावाने प्रार्थना करीत असे. यात विसंगती आहे हे मला कळत होते. काकूंना ती जाणवत होती की नाही, हे मी कधी विचारले नाही.

एका दुपारी त्यांचा मुलगा अचानक घरी आला. तो दारातच थांबला, प्रार्थना संपेपर्यंत काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "आईच्या आजारपणाचा फायदा घेताय तुम्ही." काही दिवसांतच सोसायटीची सभा बोलावण्यात आली. माझ्यापुढे टंकलिखित कागद ठेवला गेला: इमारतीत कोणत्याही प्रकारे धर्मप्रसार करणार नाही, अशी हमी. ज्यांच्या गणपतीची वर्गणी मी न मागता देत आले, ज्यांच्या मुलांच्या अभ्यासाला मी बसले, ती माणसे खाली मान घालून बसली होती. एक जण म्हणाला, "तुमच्या पूर्वजांनी दुष्काळात धान्यासाठी धर्म विकला, आता तुम्ही दुसऱ्यांचा विकत घ्यायला निघाला आहात." दुसऱ्याने इंग्रजांचा धर्म म्हणून हिणवले. इतर कोणत्याही दिवशी मी हसून विषय बदलला असता. त्या दिवशी उभी राहिले. आवाज कापत होता, धाडस वगैरे काही नव्हते. मी एवढेच म्हणाले: "मी ख्रिस्ती आहे. काकूंनी मागितलं म्हणून मी प्रार्थना केली. त्यांना काही दिलं नाही, त्यांच्याकडून काही घेतलं नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन." कागदावर सही केली नाही.

तिथे सुचली नाहीत ती उत्तरे आता देते. नगरला आलेले मिशनरी अमेरिकन होते. त्यांचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत पोचले तेव्हा कंपनी सरकार त्यांना हुसकावून लावायच्या बेतात होते. धान्याचे म्हणाल, तर 1972 च्या दुष्काळात मदत म्हणून वाटलेली सुकडी साऱ्या महाराष्ट्राने खाल्ली आणि कोणाचा धर्म बदलला नाही. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीला मिळणाऱ्या आरक्षणासारख्या सवलती गमावतो. शिखांना 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली त्या मिळाल्या, आम्हांला नाहीत. आमिष कोणत्या बाजूला आहे ते एकदा तपासून पाहा. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे घर मोडले; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्यात त्यांना कोणते धान्य मिळाले?

आता कबुलीचेही बोलते, कारण तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे हे मला कळते: इतरांनी ख्रिस्ती व्हावे असे मला वाटते का? होय. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट येशू ख्रिस्त आहे; ती इतरांना मिळावी असे मला वाटत नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतो. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे, आणि त्याचे मला दुःख नाही. ते करणे माझ्या हातातले काम आहे असे मी मानतच नाही. मी साक्ष द्यावी, ऐकणाऱ्याने हवे ते करावे. टिळकांनी अखेरच्या काळात साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्ताच्या अनुयायांचा संघ उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्याच लोकांना ते रुचले नाही, पण मला तेच जवळचे वाटते.

तरीही काकूंच्या मुलाचे ते वाक्य मला सोडत नाही. मरणाच्या भीतीत असलेल्या माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करणे आणि त्याच्या भीतीचा उपयोग करून घेणे यांत अंतर किती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मी काकूंना दत्त सोडायला सांगितले नाही, आणि त्यांनी तो सोडलाही नाही. पण माझ्या मनात आशा नव्हती असे नाही. सभेनंतर मुलाने त्यांना आपल्या घरी नेले. त्या वारल्याचे मला नंतर इतरांकडून कळले. त्या वर्षी नाताळच्या फराळाचे डबे काही घरांनी दारातूनच परत पाठवले, तर काही घरांनी नेहमीसारखेच घेतले, आणि सभेत गप्प बसलेल्या एका वहिनींनी करंज्यांची कृती विचारली.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, समजूतदार आहेत. त्यांचा सल्ला असा की यापुढे कोणी आजारी माणसाने बोलावले, तर आधी घरातल्या कर्त्या माणसाला विचारावे, मगच जावे. मंडळीच्या सुरक्षिततेसाठी हे शहाणपणाचे आहे, हे मला मान्य आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या, पूर्ण शुद्धीत असलेल्या बाईने स्वतः बोलावले असताना परवानगी तिच्या मुलाची का घ्यायची, याचे उत्तर त्यांनी मला अजून दिलेले नाही. आणि मुलाला आधी विचारले असते तर निदान सभा टळली असती, या त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडेही उत्तर नाही.