शेगडीचे सहा नट

हरिश्चंद्रगडावर पहाटे चहाचं भांडं कलंडलं, तेव्हाच ठरवलं की घरी गेल्यावर ही शेगडी खोलायची. गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायची, तीन घडीच्या पायांची, मुठीत मावणारी. जेमतेम ९० ग्रॅम. पण उघडझाप करून पायांच्या रिबिटी झिजल्या होत्या. भांडं ठेवलं की एक पाय बाजूला सरकायचा.

रिबिटी ड्रिलने उडवून ३ मिलिमीटरचे स्टेनलेसचे स्क्रू टाकले. अर्ध्या तासाचं काम. नट सैल पडू नयेत म्हणून नायलॉक लावले आणि स्वतःवरच खूश झालो. नायलॉकच्या आत नायलॉनची कडी असते, तीच स्क्रूला घट्ट धरते. आणि मी ती बसवली बर्नरपासून दोन बोटांवर! बाल्कनीत दहा मिनिटं पेटवली, करपट वास सुटला. गार झाल्यावर नट बोटाने फिरला.

मग साधे नटच हवेत, एका स्क्रूवर दोन, एकमेकांवर आवळलेले. म्हणजे एकूण सहा. पुण्यात हार्डवेअरच्या दुकानांनी भरलेल्या बोहरी आळीत सहा नट मिळणार नाहीत असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

पहिल्या दुकानात, "एवढे बारीक ठेवत नाही." दुसऱ्यात, "शंभराचं पाकीट घ्या." तिसऱ्यात तर काउंटरवर उघडा डबा डोळ्यांसमोर होता.

"काका, सहाच द्या हो. पैसे शंभरचे घ्या."

"मग शंभरच न्या ना."

तेवढ्यात एक वाजला आणि शटर खाली आलं. चारपर्यंत उन्हात गाडीवर बसून राहिलो, आणि शेवटी मुकाट्याने पाकीट घेतलं.

हे नट आवळायला साडेपाच मिलिमीटरचे दोन पातळ पाने लागतात, हेही घरी आल्यावर कळलं. पहिला नट पाय जेमतेम फिरेल इतपतच आवळा, तो पान्याने धरून ठेवा आणि दुसरा त्याच्यावर घट्ट आवळा. हो, आणि ड्रिल करण्याआधी बर्नरवर चिकटपट्टी लावा. माझा अख्खा तास आत पडलेला कीस झटकण्यात गेला. गॅसच्या बाजूचे आटे आणि रबरी रिंग यांना मात्र अजिबात हात लावू नका.

नंतर राजमाचीला खिचडीचं भरलेलं पातेलं ठेवलं. पाय तसूभर हलला नाही.

चौऱ्याण्णव नट उरलेत. सुटे देतो.